मिस्टर इंडियाला दिसत कसं होतं?

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक लवकर आटोपली. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले. ज्यांच्या घरी बसलो होतो त्यांच्या टीव्हीवर ‘मिस्टर इंडिया’ लागला होता. चहा होईपर्यंत बसू म्हणालो आणि पार शेवटपर्यंत बसलो. १९८७ सालचा सिनेमा. आमच्यातल्या निम्म्या जणींनी तो जत्रेतल्या तंबूत बघितलेला, तरी अनिल कपूर गायब झाला की सगळ्या पुन्हा पुढे सरकून बसल्या.

त्या घरातली नववीतली लेक कोपऱ्यात अभ्यास करत होती. ती मध्येच म्हणाली, “हे सगळं चूक आहे. तो दिसत नाही ना, मग त्यालाही काही दिसायला नको. तो आंधळा व्हायला पाहिजे.”

तिची आजी म्हणाली, “गप गं. आमाला बी ठावं हाय खोटं हाय ते. बघू दे की!”

एवढ्यावरून वाद पेटला. काही जणी पोरीच्या बाजूने: मुलांना चुकीचं दाखवू नये, शाळेत एक शिकतात आणि घरी टीव्हीवर भलतंच बघतात. बाकीच्या आजीच्या बाजूने: दिवसभर राबून दोन घटका करमणूक करायची, त्यातही परीक्षेचा पेपर कशाला? बैठकीला लागला नाही एवढा वेळ या वादाला लागला. तेव्हा ठरवलं, या वेळचा रेडिओवरचा कार्यक्रम याच विषयावर करायचा. म्हणून आज आपण सिनेमातल्या अशक्य गोष्टींबद्दल बोलणार आहोत.

आधी पोरीचं म्हणणं तपासू. ती बरोबर आहे, अगदी शंभर टक्के. आपल्याला एखादी वस्तू दिसते, कारण उजेड तिच्यावर पडतो आणि उलटून आपल्या डोळ्यांत येतो. उजेड आरपार गेला तर वस्तू दिसत नाही. स्वच्छ काचेचं दार कधीकधी दिसत नाही आणि कपाळ आपटतं, तसंच. आता डोळ्याचं काम बघा. तंबूतला सिनेमा आठवा. मागून मशीन उजेड टाकतं, पण समोर पांढरा पडदा लागतो. पडद्याच्या जागी स्वच्छ काच लावली तर उजेड पलीकडे निघून जाईल, चित्र उमटणारच नाही. आपल्या डोळ्याच्या मागच्या बाजूलाही असाच एक पडदा आहे. त्यावर उजेड अडला तरच दिसतं. माणूस पूर्ण अदृश्य झाला म्हणजे त्याचा तो पडदाही आरपार झाला. मग मिस्टर इंडिया मोगँबोच्या अड्ड्यावर चाचपडत फिरला असता आणि पहिल्याच पायरीवर पडला असता.

गंमत म्हणजे ही अडचण फार जुनी आहे. अदृश्य माणसाची गाजलेली कादंबरी एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १८९७ साली लिहिली. त्याने बाकीच्या अडचणींचा बारकाईने विचार केला होता. त्याच्या गोष्टीत माणूस अदृश्य होतो, पण कपडे होत नाहीत. त्यामुळे बिचाऱ्याला थंडीच्या दिवसांत उघडंनागडं फिरावं लागतं. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहतं. आपल्या अनिल कपूरला असला काही त्रास नाही. घड्याळासारखं यंत्र मनगटावर बांधलं की कपड्यांसकट गायब.

म्हणजे सिनेमा अगदीच बेशिस्त आहे का? नाही. त्यात एक नियम आहे, लाल उजेडात तो दिसतो. हा नियम शास्त्रातला नाही, गोष्टीतला आहे. पण तो एकदा सांगितला की सिनेमा तो पाळतो. लाल दिवा, लाल काच दिसली की आपला जीव टांगणीला लागतो. हा नियम काढून टाका, मग त्याला हरवणारं कुणी उरत नाही, आणि ज्याला हरण्याची भीती नाही त्याची लढाई कोण बघेल? आमच्यातल्या आजींचं म्हणणं ऐकताना हे आमच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, “काय बी दाखवा, पर एकदा सांगितलं ते फिरवू नका.” सापशिडी खेळताना शिडी वर नेते आणि साप खाली आणतो, यात कुठलं शास्त्र आहे? पण कुणी सापाच्या तोंडातून वर चढायला लागलं तर पोरं भांडतात.

‘झपाटलेला’ घ्या. महेश कोठारे यांचा १९९३ सालचा सिनेमा. बाहुल्याच्या अंगात गुंड तात्या विंचूचा आत्मा शिरतो. बाहुल्याला स्नायू नाहीत, मेंदू नाही, तो धावतो कसा? असं विचारायला कुणाला सुचलंच नाही, कारण सगळे घाबरण्यात गुंतले होते. रामदास पाध्ये यांनी बोलता केलेला तो बाहुला आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. बाहुल्याला लक्ष्याच्या देहात शिरायचंय एवढं आपल्याला माहीत असतं, तेवढ्यावर दोन-अडीच तास निघतात. मुलांना रात्री अंगणात जायची भीती वाटायची, तो भाग वेगळा.

तरीही पोरीची बाजू आम्हाला सोडवत नाही. शास्त्र आलं की मजा गेली, असं काही नसतं. कधी कधी शास्त्रच मजा वाढवतं. राजामौली यांचा २०१२ सालचा ‘ईगा’ हिंदीत ‘मक्खी’ नावाने टीव्हीवर लागतो. नायक मरतो आणि माशी होऊन सूड घ्यायला येतो. पुनर्जन्म सोडला तर पुढे माशी माशीसारखीच वागते. तिला बंदूक उचलता येत नाही. पण ती कानाशी गुणगुणून खलनायकाची झोप उडवू शकते. लहान जीव मोठ्या माणसाला कसा जेरीला आणेल, याचा त्या लोकांनी बसून विचार केलाय, म्हणून हसूही येतं आणि पटतंही.

आता उलटं करू. माशी माणसाएवढी झाली तर? किंवा ‘किंग काँग’मधला १९३३ सालचा तो अवाढव्य माकड? इथे आपल्याला घरातली कळशी उपयोगी पडेल. दहा लिटरची एक कळशी आहे. कुंभाराला सांगितलं, अगदी अशीच, पण उंचीला दुप्पट आणि रुंदीला सगळीकडून दुप्पट करून दे. तिच्यात पाणी किती मावेल? आम्ही बैठकीत विचारलं तेव्हा बहुतेकींनी वीस लिटर सांगितलं. एक जण चाळीस म्हणाली. खरं उत्तर ऐंशी. उंची दुप्पट, लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट. ऐंशी किलो पाणी कमरेवर कोण घेणार? प्राण्याचंही तसंच. सगळीकडून दुप्पट वाढलेल्या प्राण्याचं वजन आठपट होतं, पण हाडाची जाडी, म्हणजे कापलेल्या ओंडक्याचा जसा गोल दिसतो तेवढी जागा, फक्त चौपट होते. चौपट खांबावर आठपट ओझं. दहापट उंच केला तर वजन हजारपट आणि खांब शंभरपट. किंग काँगने पहिलं पाऊल टाकताच त्याची मांडी मोडली असती. म्हणून हत्तीचे पाय खांबासारखे आणि हरणाचे काडीसारखे. हे सगळं त्या खोट्या माकडामुळे आम्हाला कळलं. माकड खरं असतं तर आम्ही कळशीचा हिशोब केलाच नसता.

अवकाशातल्या सिनेमांबद्दल थोडक्यात. तिथे हवा नाही, म्हणून आवाज पोहोचत नाही. तरी ‘स्टार वॉर्स’सारख्या सिनेमात यानं फुटली की कानठळ्या बसतात. चालायचंच, मुक्याने फटाके कोण बघेल? पण २०१४ सालचा ‘इंटरस्टेलर’ आम्ही पोरीच्या आग्रहाने तिच्या मामाच्या लॅपटॉपवर बघितला, त्याबद्दल मात्र बोलायला हवं. त्यातला नायक मक्याचा शेतकरी आहे. पिकं रोगाने एकामागून एक जातायत, धुळीची वादळं येतायत, आणि माणसांसाठी दुसरी पृथ्वी शोधायला तो लेकीला मागे ठेवून निघतो. एका कृष्णविवराजवळच्या ग्रहावर तो उतरतो. तिथला एक तास म्हणजे इथली सात वर्षं. तो थोडाच वेळ थांबतो, परत यानात येतो, तर लेक त्याच्याएवढी मोठी झालेली. आमच्या गटातल्या दोघींचे नवरे ऊसतोडीला जातात. त्या दोघी त्या प्रसंगाला काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या पदराने डोळे पुसत राहिल्या.

हे वेळेचं गणित कल्पनेतलं नाही. जिथे गुरुत्वाकर्षण प्रचंड, तिथे काळ हळू चालतो, हे आइनस्टाइनच्या सिद्धांतात आहे. किप थॉर्न नावाचे शास्त्रज्ञ या सिनेमाचे सल्लागार होते. त्यांना पुढे २०१७ साली दुसऱ्या एका शोधासाठी नोबेल मिळालं. त्यांच्या गणितावरून सिनेमावाल्यांनी कृष्णविवराचं चित्र बनवलं. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी खऱ्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगाला दाखवली. त्यातही मध्ये काळोख आणि भोवती उजळ कडं होतं. आपल्या मराठीत तर हा विषय त्याच्या किती आधी आला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ते होते जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलेले. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हातची होती. त्या स्वतः गणितातल्या विदुषी.

आजींना तो वेळेचा भाग ऐकताना रेवतीची गोष्ट आठवली. राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकात जातो, गाणं संपेपर्यंत थांबतो, आणि खाली येतो तर युगं लोटलेली. मग रेवतीचं लग्न बलरामाशी होतं. गोष्ट मोठी सुंदर आहे. पण लगेच आमच्यातली एक म्हणाली, “बघा, आपल्याला आधीच ठाऊक होतं.” तिथे आम्ही थांबलो. पुराणकाराने कल्पना केली, आइनस्टाइनने गणित मांडलं आणि नंतर शास्त्रज्ञांनी अचूक घड्याळं लावून ते मोजून बघितलं. तीन वेगवेगळी कामं आहेत. एकाचं श्रेय दुसऱ्याला दिलं तर दोघांचाही अपमान.

कल्पना आणि मोजमाप ही दोन्ही कामं एकाच माणसाने केल्याचं उदाहरण मात्र आपल्याच मातीत आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. ते जादूचे प्रयोगही करत, फाळके नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून. सिनेमा काढायचा ठरवला तर पैसे कोण देणार? म्हणून त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्र घेत राहिले, महिन्याहून अधिक. मग ते पडद्यावर दाखवलं. मिनिटभरात दाणा फुटला, कोंब आला, वेल झाली. आपण शेतात आयुष्य काढलं तरी असं कधी बघितलं नाही. जादूपेक्षा भारी, आणि शब्दशः खरं. त्याच माणसाने १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढला, त्यात आपल्या लहानग्या मंदाकिनीला कृष्ण केलं आणि नागाशी झुंजवलं. ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते, तरी लोकांना कुठे अडलं? जाता जाता सांगायला हवं, पहिल्या सिनेमासाठी सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने गहाण पडले. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, रसायनं मिसळणं त्या शिकल्या. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. नाव मात्र दादासाहेबांचं.

आता त्या नागाकडे येऊ. इथे आमचा वाद खेळीमेळीचा राहिला नाही.

‘नागिन’ १९७६ सालचा, ‘नगीना’ १९८६ सालचा. ‘नगीना’त श्रीदेवी आणि अमरीश पुरी, म्हणजे पुढच्याच वर्षी ‘मिस्टर इंडिया’त दिसलेली जोडी. इच्छाधारी नागीण बाईचं रूप घेते, डोळे निळे होतात, पुंगी वाजली की नाचते. बाई साप होते, ही केवढी मोठी थाप! पण ती बघून आमच्यातली एकही फसली नाही. थाप एवढी मोठी की ती स्वतःच ओरडून सांगते, मी थाप आहे. फसवतात त्या तिच्या आडोशाने येणाऱ्या बारक्या थापा. पुंगीच्या सुरावर साप डोलतो. साप दूध पितो. मारणाऱ्याचा फोटो सापाच्या डोळ्यात उमटतो आणि जोडीदार सूड घेतो. आणि सगळ्यात वाईट, विष तोंडाने ओढून काढता येतं. नायिकेच्या पायाला साप चावतो, नायक रुमाल बांधतो, तोंड लावून विष थुंकतो, लगेच गाणं सुरू. हे आपण इतक्यांदा बघितलंय की कुणी शिकवल्यासारखं डोक्यात बसलंय.

आमच्या गटातल्या एका ताईला तीन वर्षांपूर्वी पहाटे वैरण काढताना साप चावला, पायाच्या बोटाला. आम्ही चार-पाच जणी तिथेच होतो. एकीने पदर फाडून पोटरीला आवळून बांधला. दिराने विळ्याने चीर दिली आणि तोंड लावलं. कुणी म्हणालं आधी मांत्रिकाकडे न्या. त्यात तासभर गेला. पाय एवढा सुजला की जोडवी कापून काढावी लागली. ती वाचली, पण बोट गेलं, आणि अजून पावसाळ्यात पाय दुखतो. दिराला आम्ही दोष देत नाही. त्याने जे बघितलं होतं ते केलं. आम्हीही तेच बघितलं होतं.

म्हणून हे नीट ऐका. विष तोंडाने निघत नाही. चीर देऊ नका, आवळून बांधू नका. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण सूज यायच्या आत काढा. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतो तसा फळीला सैल बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. साप पकडून न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आपल्याकडचे हे चार मुख्य विषारी साप, आणि या चौघांवर एकच लस चालते. घोड्याच्या रक्तापासून तयार होते ती. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक खेड्यातली.

राहिली पुंगी. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीतला हादरा त्याला चांगला कळतो, आणि डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून. दूध हे त्याचं अन्न नाही. चेहरा ओळखून सूड घेण्याएवढा मेंदू त्याच्याकडे नाही. मारलेल्या सापाचे डोळे ठेचण्यात वेळ घालवण्यापेक्षा सर्पमित्राला बोलावून जिवंत साप रानात सोडायला सांगा, उंदीर तरी कमी होतील.

मग ‘नगीना’ बघायचा नाही का? आजींनी हाच प्रश्न विचारला, जरा रागानेच. आम्ही म्हणालो, बघायचा, शिट्ट्या मारत बघायचा. ‘अमर अकबर अँथनी’त तीन मुलांच्या हातातून रक्त वर बाटलीत चढतं आणि तिथून आईच्या अंगात उतरतं, ते बघताना आपण रडतोच ना? नळाचं पाणीसुद्धा मोटर लावल्याशिवाय टाकीत चढत नाही, हे आपल्याइतकं कुणाला माहीत? तरी रडतो. फक्त सिनेमा संपल्यावर पोरांना एवढं विचारायचं: यातलं काय आपल्या वस्तीवर कुणी करून बघेल? हवेत उडणं कुणी करणार नाही, ते सोडून द्या. डोक्यावर दुसरा मार बसला की गेलेली आठवण परत येते, हे कुणीतरी करून बघेल. त्याबद्दल बोला.

वाद तसा अजून मिटलेला नाही. आजी पोरीच्या शेजारी बसायला तयार नाहीत, म्हणतात हिच्यामुळे सिनेमाची लज्जत जाते. पण परवा त्यांनीच पोरीला वाटाण्याचे चार दाणे भिजवून दिले. पोरीने ते डालड्याच्या जुन्या डब्यात पेरलेत, आणि खिडकीत विटेवर मोबाइल टेकवून रोज सकाळी शाळेत जाण्याआधी त्याच जागेवरून एक फोटो काढते. आज पाचवा दिवस. माती जरा उचलल्यासारखी दिसते, असं आजींचं म्हणणं आहे. पोरीला अजून काही दिसत नाही.